जॅक कोल यांची जॅझ नृत्यशैली : पाहावी कशी, अंगात उतरवावी कशी

जॅझ नृत्याच्या कुठल्याही वर्गात पहिल्या महिन्यात मान, खांदे, बरगड्या आणि कंबर एकमेकांपासून सुटे करून हलवायला शिकवतात. परंतु ही शिस्त अमेरिकेच्या रंगमंचावर आणि पडद्यावर ज्यांनी पक्की रुजवली, त्या जॅक कोल यांचे नाव त्या वर्गात क्वचितच उच्चारले जाते. त्यांच्या शैलीचा एक मोठा भाग भरतनाट्यमकडून आलेला आहे, हे तर आपल्याकडच्या नर्तकांनाही बहुधा ठाऊक नसते. कथक किंवा भरतनाट्यम काही वर्षे शिकलेल्या आणि आता जॅझकडे वळू पाहणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास, असा दोन महिन्यांचा सराव गृहीत धरून पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत. पूर्ण उंचीचा एक आरसा, अंगासरशी बसणारे कपडे आणि स्वतःचे चित्रण करण्यापुरता मोबाइल एवढ्यावर काम भागते.

आधी माणूस, थोडक्यात

कोल यांचा जन्म १९११ साली न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे झाला. १९३० च्या सुमारास ते रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या डेनिशॉन या नृत्यसंस्थेत दाखल झाले. त्या संस्थेने १९२५-२६ मध्ये भारतासह आशियाभर दौरा केला होता आणि 'पौर्वात्य' म्हणवले जाणारे नृत्य हे तिचे मुख्य आकर्षण होते. पुढे कोल यांनी डोरिस हम्फ्री आणि चार्ल्स वाइडमन यांच्याकडे आधुनिक नृत्य केले. पण त्यात पोट भरेना, म्हणून १९३० च्या दशकाच्या मध्यास ते न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांत नाचू लागले. डेनिशॉनमधला सजावटी 'पूर्व' त्यांना पुरेसा वाटला नव्हता. त्यांनी ला मेरी या अमेरिकन नर्तकीकडे भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेतले. त्यांच्यावरील प्रभावांत उदय शंकर यांचेही नाव घेतले जाते. हे उदय शंकर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले होते.

कोल यांनी मग जे केले ते त्या काळात चमत्कारिकच वाटले असणार : अडव (भरतनाट्यमच्या मूळ हालचाली), मुद्रा आणि ग्रीवाभेद (मानेच्या ठरीव हालचाली) जवळजवळ आहेत तसे ठेवून त्यांनी ते मृदंगाऐवजी स्विंग बँडवर, म्हणजे नाचासाठी वाजणाऱ्या जॅझ वाद्यवृंदावर, बसवले. त्याच सुमारास हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूममध्ये कृष्णवर्णीय नर्तक जो लिंडी हॉप हा जोडीचा जॅझ नाच नाचत होते, तोही त्यांनी उचलला; पुढे कॅरिबियन आणि स्पॅनिश नृत्येही त्यात आली. रंगमंचीय जॅझ नृत्याचे जनक म्हणून कोल यांचा उल्लेख होतो आणि तो मला मान्य आहे. मात्र जॅझवर नाचणे त्यांनी शोधले नाही, ते कृष्णवर्णीय समाजाचे आहे, आणि सॅव्हॉयच्या नर्तकांना श्रेय न देता कोल यांचा अभ्यास केला तर तो अर्धाच राहतो.

१९४४ पासून चार वर्षे हॉलिवुडच्या कोलंबिया स्टुडिओत त्यांनी नर्तकांचा एक कायम चमू ठेवला होता. चित्रीकरण असो वा नसो, त्यांचे वर्ग चालत आणि त्यांत चेकेट्टी या इटालियन गुरूंच्या पद्धतीच्या बॅलेबरोबर भारतीय नृत्याचाही सराव असे. या तालमीतून पुढे आलेल्यांची नावे लेखाच्या शेवटी येतील. १९७४ साली लॉस एंजेलिस येथे कोल यांचे निधन झाले.

पहिली पायरी : चार तुकडे, आवाज बंद करून

शरीराला हात लावण्याआधी डोळे तयार करावेत. १९४६ च्या 'गिल्डा' मधील रिटा हेवर्थ यांचे 'पुट द ब्लेम ऑन मेम', १९५३ च्या 'द आय डोन्ट केअर गर्ल' मधील मिट्झी गेनर यांची नृत्ये, त्याच वर्षीच्या 'जंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स' मधील मॅरिलिन मन्रो यांचे 'डायमंड्स आर अ गर्ल्स बेस्ट फ्रेंड' आणि १९५५ च्या 'किस्मेट' मधील तीन राजकन्यांचे नृत्य, असा क्रम मी सुचवते. सगळ्यांत कमी हालचालीपासून सगळ्यांत उघड भारतीय वळणापर्यंत असा हा प्रवास आहे.

प्रत्येक तुकडा तीनदा पाहावा. पहिल्या वेळी फक्त वजन कोणत्या पायावर आहे ते पाहावे. दुसऱ्या वेळी शरीराचा कोणता भाग हलत नाही ते पाहावे, कारण कोल यांच्या नृत्यात न हलणारा भागच हलणाऱ्या भागाला उठाव देतो. तिसऱ्या वेळी आवाज सुरू करून हालचाल ठोक्यावर पडते, ठोक्याच्या आधी पडते की किंचित मागे राहते, ते ऐकावे.

'गिल्डा' मधील ते गाणे जवळून पाहण्यासारखे आहे. काळ्या सॅटिनचा खांदे उघडे ठेवणारा घेरहीन झगा आणि कोपराच्या वर जाणारे हातमोजे अशा वेषात रिटा हेवर्थ जेमतेम काही पावले चालतात. मोठी पावले जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सगळे नृत्य एका नितंबावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वजनात उरते. मग एक हातमोजा निघतो. तो ओढून काढला जात नाही, हळूहळू खाली सरकतो. हातमोजा खाली जातो तसतसा उघडा हात वर जातो आणि केस मागे पडतात. हेवर्थ या स्वतः निष्णात नर्तकी होत्या, तरीही कोल यांनी त्यांना येथे नाचू दिलेले नाही, असे म्हटले तरी चालेल. आणि म्हणूनच ते दृश्य ऐंशी वर्षांनीही लक्षात राहते.

मन्रो यांच्या गाण्यात याच्या उलट अडचण होती. त्या प्रशिक्षित नर्तकी नव्हत्या. कोल यांनी त्यांना पावले जवळजवळ दिलीच नाहीत. खांदा, मनगट, हनुवटी आणि पंखा एवढ्याच गोष्टी दिल्या आणि पावले मागच्या कोटधारी पुरुषांकडे सोपवली. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी गाण्यांची जबाबदारी कोल यांच्यावरच सोपवली होती, आणि मन्रो यांनी पुढच्या चित्रपटांतही त्यांना बोलावून घेतले. नृत्यदिग्दर्शन शिकणाऱ्याने कलाकाराला काय द्यायचे नाही हे कसे ठरवावे, ते या गाण्यात पाहावे.

दुसरी पायरी : बसणे

कोल यांची शैली जमिनीजवळची आहे. पाय खांद्यांच्या दीडपट रुंद, गुडघे खोल वाकलेले, पाठ लांब आणि मांड्या सतत काम करणाऱ्या, ही तिची मूळ बैठक होय. भरतनाट्यम शिकलेल्याला हे अरैमंडीसारखे (त्यातल्या अर्ध्या बैठकीसारखे) वाटते आणि नेमकी तेथेच पहिली चूक होते. अरैमंडीत टाचा जवळजवळ असतात, गुडघे पूर्णपणे बाहेर वळलेले असतात आणि वजन थेट खाली उतरते, कारण पुढे पायाने जमिनीवर आघात करायचा असतो. कोल यांच्या बैठकीत पाय दूर असतात, वजन चवड्यांकडे किंचित पुढे असते आणि त्या अवस्थेतून कोणत्याही क्षणी झेप घेता आली पाहिजे. अरैमंडी ही वास्तूसारखी असते. कोल यांची बैठक दबा धरून बसलेल्या बिबट्यासारखी.

सराव असा करावा. रुंद पाय घेऊन आठ मात्रांत खाली यावे, आठ मात्रा थांबावे, आठ मात्रांत वर यावे. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत. ते आत पडू लागले तर पाय थोडे जवळ घ्यावेत, खोली कमी करावी. पहिल्या आठवड्यात सहा आवर्तने पुरेत. दुसऱ्या आठवड्यात खाली थांबलेले असताना टाचा कागदभर उचलाव्यात आणि पुन्हा ठेवाव्यात. टाचा उचलताना धड मागे जात असेल, तर वजन अजून टाचांवरच आहे असे समजावे.

कथक शिकलेल्यांची अडचण वेगळी असते. वर्षानुवर्षे सरळ पायांवर तत्कार (पायांचे ठोके) केल्याने त्यांना वाकलेल्या गुडघ्यांवर राहणे म्हणजे शिक्षा वाटते. त्यांनी या पायरीला दुप्पट वेळ द्यावा.

तिसरी पायरी : चालणे, टिकलीच्या साहाय्याने

कोल यांचे नर्तक खाली बसलेल्या अवस्थेतच चालतात आणि चालताना डोके वरखाली होत नाही. हे शिकवण्यासाठी मी एक घरगुती उपाय करते. बैठकीत आरशाजवळ उभे राहावे आणि आरशातल्या आपल्या कपाळाच्या मध्यावर एक टिकली चिकटवावी. मग आरशाला समांतर, डोळे टिकलीच्या उंचीवर ठेवून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आठ पावले चालावे. प्रत्येक पाऊल जमिनीवरून सरकत गेले पाहिजे, आपटता कामा नये. कपाळ टिकलीच्या रेषेच्या वर उचलले गेले की गुडघा सरळ झाला, हे तत्काळ दिसते.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीची भरतनाट्यमची सात वर्षे झाली होती. तिला हे चालणे तीन आठवडे जमले नाही, कारण तिचा पाय प्रत्येक पावलाला आवाज करायला निघत असे. अखेरीस मी तिला मोजे घालून चालायला लावले. घर्षण कमी झाले, आघात करण्याची सवय निरुपयोगी ठरली आणि पाय सरकू लागला. गुळगुळीत लादीवर मात्र मोजे घालून हा प्रयोग करू नये. लाकडी जमीन किंवा सतरंजीविना खडबडीत कोबा त्याला बरा.

चौथी पायरी : कान

स्विंग संगीतात दोन गोष्टी आपल्या कानाला परक्या असतात. पहिली, टाळी एक आणि तीनवर नसून दोन आणि चारवर पडते. दुसरी, मात्रेचे दोन भाग समान नसतात. हे समजून घ्यायला आपल्याकडची तिस्र जाती (मात्रेचे तीन समान भाग) उत्तम उपयोगी पडते. प्रत्येक मात्रेत 'तकिट' म्हणावे, मग 'कि' गाळून तेवढी जागा रिकामी ठेवावी : 'त ऽ ट, त ऽ ट'. हीच स्विंगची चाल. पाश्चात्त्य शिक्षक 'एक आणि दोन आणि' असे मोजतात, पण त्यांचा 'आणि' किती उशिरा येतो हे 'ट' जितके नेमके सांगतो तितके मोजणी सांगत नाही.

सरावासाठी बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने १९३७ साली ध्वनिमुद्रित केलेले 'सिंग, सिंग, सिंग' घ्यावे. कोल यांनी याच रचनेवर आपले एक गाजलेले नृत्य बसवले होते. साडेआठ मिनिटांहून मोठ्या या मुद्रणात जीन क्रूपा यांचे ड्रम इतके स्पष्ट आहेत की नवखाही हरवत नाही. मात्र त्याची लय द्रुत आहे, त्यामुळे सुरुवातीला दर दोन ठोक्यांना एकच पाऊल टाकावे. कान सैल करण्यापुरते आपल्याकडचे काही हवे असेल, तर १९५१ च्या 'अलबेला' ची गाणी ऐकावीत, तेथे सी. रामचंद्र यांना गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ होती. त्यांतली सगळी लय स्विंगची नाही, पण ब्रास वाद्यांचा झटका कानात बसतो.

पाचवी पायरी : अवयव सुटे करणे

येथे भारतीय नर्तकाला मोठी आघाडी मिळते. मान सरळ ठेवून ती डावीउजवीकडे सरकवणे हा आपला सुंदरी ग्रीवाभेद. कोल यांनी तो उचलला, आणि आज जगभरच्या जॅझ वर्गांत तो 'हेड आयसोलेशन' म्हणून शिकवला जातो. फरक चेहऱ्यात आहे. ग्रीवाभेदाबरोबर आपल्याकडे डोळे आणि ओठांत प्रसन्नता येते. कोल यांच्याकडे चेहरा थंड राहतो, नजर एका बिंदूवर खिळते आणि पापणीही शक्यतो लवत नाही. ही थंड नजर भल्याभल्यांना जमत नाही, कारण आपल्या चेहऱ्याला रिकामे राहायची सवयच नाही. आरशासमोर दोन मिनिटे नुसते ग्रीवाभेद करत चेहरा कोरा ठेवण्याचा प्रयत्न करावा. पहिल्यांदा हसू येते, ते येऊ द्यावे.

त्यानंतर खांदे. एकच खांदा वर, पुढे, खाली, मागे, चार मात्रांत. दुसरा खांदा आणि मान स्थिर. मग बरगड्या : हात कमरेवर ठेवून छाती उजवीकडे सरकवावी, मध्ये आणावी, डावीकडे सरकवावी. छाती झुकत नाही, आडवी सरकते. आपल्या नृत्यांत हा भाग फारसा सुटा वापरला जात नाही, त्यामुळे येथे महिनाही लागू शकतो. शेवटी कंबर, आणि तीसुद्धा खोल बैठकीत.

हे चारही भाग वेगवेगळे जमल्यावर दोन-दोन एकत्र करावेत : मान उजवीकडे, बरगड्या डावीकडे, खांदा दोनवर, कंबर चारवर. या टप्प्यावर प्रत्येक हालचालीला सुरुवात आणि शेवट असला पाहिजे. एका जागी पोहोचल्यावर अवयव तेथेच अडकला पाहिजे, लोंबकळता कामा नये.

मुद्रांविषयी एक सूचना. पताक, त्रिपताक, अलपद्म हे हस्त कोल यांच्या नृत्यांत ठिकठिकाणी दिसतात, पण ते अर्थासाठी येत नाहीत. मनगटाचा कोन आणि बोटांची ताठ रेषा एवढ्यासाठी येतात. 'किस्मेट' तर बगदादमध्ये घडते आणि तिथल्या राजकन्या भारतीय हातांनी नाचतात. मला हे पाहताना आजही थोडे अवघडायला होते. तरीही तिघींच्या कोपरांचे कोन आणि मानेची सरकती रेषा ज्या अचूकतेने एकत्र पडतात, ती अचूकता वरवरच्या नकलेतून येत नाही, हे मान्य करावे लागते.

सहावी पायरी : थांबणे आणि फुटणे

आतापर्यंतचे सगळे एकत्र येते ते येथे. चार मात्रा बैठकीत चालावे, तीन मात्रा संपूर्ण स्तब्ध राहावे आणि आठव्या मात्रेवर एकच स्फोटक हालचाल करावी, मग तो हाताचा फटका असो, उडी असो वा गिरकी. स्तब्धतेत श्वास रोखू नये; नजर पुढच्या हालचालीच्या दिशेला आधी जाते, शरीर मागून जाते. बहुतेक विद्यार्थी तिसऱ्या मात्रेवर अधीर होतात आणि खांदा आधीच हलवतात. मोबाइलवर चित्रण करून तेवढा भाग संथ गतीने पाहिला की चोरी पकडली जाते.

गुडघ्यांवर घसरत जाणे हीसुद्धा कोल यांची ओळख, पण ती शिक्षकाविना करू नये. आपल्याकडच्या सभागृहांतील शहाबादी किंवा मोझॅक फरशीवर तर जाड नी-पॅड घालूनही करू नये.

सातवी पायरी : बत्तीस मात्रा

दोन महिन्यांच्या शेवटी स्वतःची बत्तीस मात्रांची रचना करावी आणि स्वतःवर तीन बंधने घालावीत : पहिल्या सोळा मात्रांत जागा सोडायची नाही, एका वेळी दोनपेक्षा जास्त अवयव हलवायचे नाहीत, आणि एकदाच, फक्त एकदाच, पूर्ण ताकद वापरायची. ती कोणत्या मात्रेवर वापरायची हे ठरवण्यातच खरा वेळ जाईल.

प्रभाव कुठे शोधावा

शैली अंगाला ठाऊक झाली की ती इतरांत दिसू लागते. कोल यांच्या साहाय्यक ग्वेन व्हर्डन पुढे ब्रॉडवेवरील थोर नर्तकी झाल्या आणि १९५५ च्या 'डॅम यांकीज' पासून बॉब फॉसी यांच्या कामाशी जोडल्या गेल्या. कॅरल हेनी आणि बझ मिलर हे दोघेही कोल यांच्या तालमीतले. १९५४ च्या 'द पजामा गेम' मधील फॉसी यांच्या 'स्टीम हीट' मध्ये पीटर जेनारो यांच्यासह हेच दोघे नाचले. फॉसी यांची म्हणून ओळखली जाणारी सुटी मनगटे आणि थंड चेहरे पाहताना हा वारसा ध्यानात ठेवावा. दोघांतला फरकही तेवढाच स्पष्ट आहे : कोल रुंद, खोल आणि आक्रमक, फॉसी लहान, आत वळलेल्या गुडघ्यांचे, पाठ किंचित पोक काढलेले. जेथे कोल यांचा नर्तक सगळा रंगमंच व्यापतो, तेथे फॉसी यांचा नर्तक टोपीच्या कडेखाली मावतो.

मॅट मॅटॉक्स यांनी कोल यांच्या वर्गातल्या व्यायामांतून स्वतःची अध्यापनपद्धती बांधली आणि ती फ्रान्समध्ये नेली. युरोपात जॅझ शिकलेल्या शिक्षकाकडे जाणाऱ्यांना ती भेटण्याची शक्यता अधिक. आल्विन एली १९५७ साली ब्रॉडवेवर लीना हॉर्न यांच्या 'जमैका' मध्ये कोल यांच्या नृत्यदिग्दर्शनाखाली नाचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची संस्था उभी केली. मॅडोना यांच्या १९८५ च्या 'मटीरियल गर्ल' या चित्रफितीत तर मन्रो यांचे ते गाणे गुलाबी झग्यासकट पुन्हा उभे केलेले आहे. झगा हुबेहूब आहे. खांदे तपासून पाहावेत.

हे सगळे झाल्यावर 'डायमंड्स' पुन्हा एकदा लावावे आणि या वेळी मन्रो यांच्याकडे न पाहता मागच्या काळ्या कोटांतल्या पुरुषांकडे पाहावे. ते कुठे बसतात, कुठे सरकतात आणि मन्रो यांचा खांदा हलत असताना नेमके किती मात्रा गोठून उभे राहतात, ते बोटांवर मोजावे.